वाळू बदलूनही पाणी गढूळच: एका तरणतलावाच्या गाळणीचा प्रकरण अभ्यास

एका निवासी संकुलाच्या व्यवस्थापन समितीने मला एकच प्रश्न विचारण्यासाठी बोलावले होते. त्यांच्या तरणतलावाच्या फिल्टरमधील वाळू तीन वर्षांपूर्वी बदललेली होती, तरी पाणी पुन्हा गढूळ राहू लागले होते, तेव्हा वाळू पुन्हा बदलायची का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. वाळू बदलावीच लागली. पण तेवढेच करून मी परत आलो असतो, तर पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला असता. वाळू खराब का झाली हे शोधताना तलावाच्या काठावरील फरशीवर पेन्सिलीने ओढलेली एक रेघ सर्वांत उपयोगी ठरली. म्हणून हे प्रकरण मी तपशीलवार नोंदवत आहे.

तलाव आणि तक्रार

तलाव १२.५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे पृष्ठभाग बरोबर १०० चौरस मीटर. सरासरी खोली १.४ मीटर धरली तर त्यात १४० घनमीटर पाणी मावते. गाळणीसाठी ९०० मिलिमीटर व्यासाचा एकच वाळूचा फिल्टर होता, त्यावर सहा स्थितींचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (मूठ फिरवून पाण्याची वाट बदलणारी झडप) आणि जोडीला एक पंप. गाळण चालू असताना प्रवाह ताशी सुमारे १९ घनमीटर होता, म्हणजे तलावाइतके पाणी फिल्टरमधून एकदा जायला जवळजवळ साडेसात तास लागत. सकाळी लहान मुलांचे पोहण्याचे वर्ग आणि संध्याकाळी रहिवाशांची गर्दी असणाऱ्या तलावासाठी हा वेळ मुळातच जास्त आहे. मात्र तलाव पहिली काही वर्षे याच यंत्रणेवर व्यवस्थित चालला होता, त्यामुळे सगळा दोष क्षमतेवर ढकलता येत नव्हता.

तक्रारीचे स्वरूप असे होते. सकाळी पाणी ठीक दिसे, मुलांचे वर्ग संपेपर्यंत त्यावर दुधाळ झाक येई आणि संध्याकाळी खोल टोकाच्या तळावरील काळी रेघ अस्पष्ट होई. डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनचा उग्र वास येतो, असे पालक सांगत. तपासणीत गढूळपणा १.४ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) आणि संयुक्त क्लोरीन, म्हणजे घाणीशी आधीच जोडले गेलेले क्लोरीन, ०.९ मिलिग्रॅम प्रतिलिटर आढळले. चांगल्या तलावात गढूळपणा ०.५ एनटीयूच्या आत असावा. उग्र वासाचा अर्थ बहुतेकांना उलटा लागतो. तो वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम, मूत्र आणि त्वचेवरील द्रव्ये यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइनचा तो वास असतो. जी घाण गाळणीत अडकून बॅकवॉशबरोबर, म्हणजे फिल्टरमधून उलटे पाणी सोडून केलेल्या धुलाईबरोबर, बाहेर जायला हवी, ती आतच राहिली की क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात खर्ची पडते.

देखभाल कर्मचाऱ्यांनी मनापासून प्रयत्न केले होते. त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली, पाणी स्वच्छ करणारे द्रावण बाटलीवरील प्रमाणाच्या दुपटीने टाकले आणि रोज सकाळ-संध्याकाळ सहा-सहा मिनिटे बॅकवॉश सुरू केला. यातील शेवटचे दोन्ही उपाय रोग वाढवणारे होते, पण त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. फिल्टरच्या दाबमापकाचा काटा वर्षभर ०.९ बारवर स्थिर होता, आणि दाब वाढत नाही म्हणजे फिल्टर स्वच्छ आहे, असेच त्यांना शिकवलेले होते.

स्थिर काट्याचा अर्थ

मी प्रथम पंप बंद करून दाबमापकाकडे पाहिले. काटा शून्यावर न येता ०.३ वर थांबला. नवे मापक बसवल्यावर चालू स्थितीतील खरा दाब ०.६ बार निघाला. पुढचे दहा दिवस बॅकवॉश पूर्ण थांबवून आम्ही रोज नोंद घेतली. दहाव्या दिवशीही दाब ०.६ होता.

ही नोंद मला गढूळपणाच्या आकड्यापेक्षा अधिक गंभीर वाटली. वाळूचा थर पाणी गाळत असेल, तर अडकलेल्या घाणीमुळे पाण्याची वाट अरुंद होत जाते आणि दाब चढलाच पाहिजे. स्वच्छ स्थितीतील दाबापेक्षा तो सुमारे ०.५ ते ०.७ बारने वाढला की बॅकवॉश घ्यायचा, हा सर्वसाधारण नियम त्यावरच आधारलेला आहे. इतक्या माणसांनी वापरलेल्या तलावात दहा दिवस दाब तसूभरही वाढत नसेल, तर पाणी वाळूला वळसा घालून जात आहे, एवढाच निष्कर्ष निघतो. हा वळसा दोन ठिकाणी पडू शकतो. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमधील चक्राकार गॅस्केट (वाटा एकमेकींपासून बंद ठेवणारी रबरी पट्टी) झिजले असेल तर न गाळलेले पाणी व्हॉल्व्हमधूनच परस्पर तलावात परतते, किंवा वाळूच्या थरातच मोकळ्या वाटा पडलेल्या असतात.

माझा पहिला संशय गॅस्केटवर होता आणि त्यात माझा एक दिवस गेला. गाळण चालू असतानाही साइट ग्लासमधून (बाहेर जाणारे पाणी दाखवणाऱ्या पारदर्शक काचेतून) बारीक धार बाहेर जाताना दिसत होती, म्हणजे गॅस्केट कुठेतरी गळत होते. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा गॅस्केटची एक कड खरोखरच दबलेली आढळली. कर्मचाऱ्यांशी बोलल्यावर कळले की घाईच्या वेळी पंप चालू ठेवूनच व्हॉल्व्हची मूठ फिरवली जाई. दाबाखाली मूठ फिरवली की गॅस्केट जागेवरून ओढले जाते, म्हणून प्रत्येक वेळी पंप थांबवूनच स्थिती बदलली पाहिजे. नवे गॅस्केट सिलिकॉनचे वंगण लावून बसवले, कारण खनिज तेलाचे वंगण रबराला फुगवते. धार बंद झाली, पाण्यात मात्र फरक पडला नाही.

टाकीच्या आत

टाकी उघडण्यापूर्वी पंपाचा विद्युतपुरवठा मुख्य फलकावरून तोडला, वर असलेला हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि पाणी उतरल्याची खात्री करूनच झाकणाचा क्लँप सैल केला. हा क्रम मी प्रत्येक ठिकाणी आग्रहाने लिहून ठेवतो. टाकीच्या वरच्या भागात अडकलेली हवा दाबली गेली की तिच्यात स्प्रिंगसारखी शक्ती साठते, आणि क्लँप नीट बसलेला नसेल तर झाकण तोफगोळ्यासारखे उडते. यात माणसे गंभीर जखमी झाली आहेत आणि दगावलीही आहेत. पंप पुन्हा सुरू करताना हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून सर्वांनी टाकीपासून दूर उभे राहायचे, ही सवय वाळूच्या प्रतीपेक्षा महत्त्वाची आहे.

आत पाहिल्यावर शंका उरली नाही. वाळूचा पृष्ठभाग सपाट असायला हवा होता. येथे एका बाजूला भिंतीलगत वीतभर खोल खळगा होता आणि मधोमध वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा होत्या. हात घातला तेव्हा वरचे पाच-सहा सेंटिमीटर साय धरल्यासारखे एकसंध लागले. ते फोडल्यावर खालून सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराचे वाळूचे गोळे निघाले, बोटांनी चुरले की चिकट, राखाडी आणि कुबट वासाचे. त्वचेवरील तेल, केस, लोशन आणि जास्त मात्रेत ओतलेले ते द्रावण यांनी वाळूचे कण एकमेकांना चिकटवले होते. गोळा जड झाला की तो तळाकडे सरकतो, पाणी त्याला टाळून बाजूने जाते आणि एकदा पडलेली वाट दिवसेंदिवस रुंद होत जाते. मूठभर वाळू काचेच्या बरणीत पाणी घालून हलवली तेव्हा पाणी गडद चहासारखे झाले. तिच्यावर टाकलेल्या सौम्य आम्लाला फेस आला नाही, म्हणजे कणांवर चुन्याचा थर बसलेला नव्हता. ही सगळी घाण माणसांच्या अंगावरची होती आणि ती धुतली गेली नव्हती.

येथे खरा प्रश्न समोर आला. दिवसातून दोनदा बॅकवॉश होत असताना घाण धुतली कशी गेली नाही?

पेन्सिलीची रेघ

बॅकवॉश म्हणजे नुसते उलटे पाणी सोडणे नव्हे. वाळूचा थर उचलला जाऊन सुमारे १५ ते २० टक्के फुगला, कण सुटे होऊन एकमेकांवर घासले, तरच त्यांच्यामधली घाण निघते. त्यासाठी टाकीच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरमागे ताशी साधारण ३७ ते ५० घनमीटर पाणी लागते, म्हणजे ते ताशी ३७ ते ५० मीटर वेगाने वर जावे लागते. त्याहून कमी वेगाने पाणी वर गेले तर थर जागचा हलत नाही. पाणी आहे त्याच वाटांनी वर येते, वरची थोडी घाण बाहेर टाकते, साइट ग्लास स्वच्छ दिसू लागतो आणि धुलाई पूर्ण झाल्याचा भास होतो. तापमानाचाही यात वाटा असतो. कोमट पाणी पातळ असल्यामुळे वाळू उचलायला त्याला अधिक वेग लागतो, म्हणून थंडीत पुरेसा वाटणारा प्रवाह उन्हाळ्यात अपुरा ठरू शकतो.

या फिल्टरला प्रवाहमापक नव्हता. पण तलावाचा पृष्ठभाग १०० चौरस मीटर असल्यामुळे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर खाली गेली की बरोबर एक घनमीटर पाणी बाहेर गेले, असा सोयीचा हिशेब मिळत होता. पहाटे पाणी निश्चल असताना आम्ही भरणीचा नळ बंद केला, काठाच्या फरशीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने रेघ ओढली आणि घड्याळ लावून दहा मिनिटे बॅकवॉश घेतला. पातळी २.८ सेंटिमीटर उतरली. म्हणजे दहा मिनिटांत २.८ घनमीटर, ताशी सुमारे १७ घनमीटर. टाकीचे क्षेत्रफळ ०.६४ चौरस मीटर, तेव्हा वेग ताशी जेमतेम २६ मीटर. गाळणीच्या वेळी खाली जाणाऱ्या पाण्याचा वेग ताशी ३० मीटर होता. घाण आत दाबणारे पाणी घाण बाहेर काढणाऱ्या पाण्यापेक्षा जोरात वाहत होते.

पंप तोच, फिल्टर तोच, मग उलट दिशेला प्रवाह घटण्याचे कारण बाहेर जाणाऱ्या नळात शोधणे ओघाने आले. तो नळ पूर्वी फिल्टरखोलीच्या भिंतीपलीकडच्या गटारात पडत असे. चार वर्षांपूर्वी अंगणाचे नूतनीकरण झाले, गटार हलवले गेले आणि कंत्राटदाराने हाताशी असलेला ५० मिलिमीटरचा नळ वापरून तो ४० मीटर लांब, वाटेत पाच कोपरे घेत आणि दीड मीटर चढून नव्या गटाराला जोडला. वाळू खराब होण्याची सुरुवात त्या कामापासून झाली होती. एक वर्षाने वाळू बदलली गेली, काही महिने पाणी छान राहिले, सर्वांनी वाळूला दोषी ठरवून विषय संपवला आणि नवी वाळूही त्याच रोगाने मेली. वाळू साधारण पाच ते सात वर्षे टिकते, असे सांगितले जाते. तो आकडा धुतल्या जाणाऱ्या वाळूसाठी आहे.

उपाय आणि नाकारलेले उपाय

समितीपुढे आधीच दोन प्रस्ताव होते. पहिला मोठ्या पंपाचा. नळातील घर्षण प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाने वाढते, त्यामुळे अरुंद नळातून पंपाची बरीचशी वाढीव ताकद वाया गेली असती. शिवाय तोच पंप गाळणीच्या वेळी पाणी वाळूतून अधिक वेगाने ढकलून घाण आरपार पाठवू लागला असता. दुसरा प्रस्ताव वाळूऐवजी काचेचे दाणे भरण्याचा होता. काचेच्या दाण्यांना माझा विरोध नाही. ते वाळूपेक्षा हलके असतात आणि चांगल्या प्रतीचे दाणे धुवायला सोपे जातात. पण ताशी २६ मीटरच्या वेगात तेही नीट धुतले गेले नसते, आणि जुना दोष महागड्या मालाखाली झाकला गेला असता. पाणी बाहेर जाण्याची वाट आधी मोकळी करावी, मग टाकीत काय भरायचे ते ठरवावे, असे मी लेखी दिले.

फिल्टरखोलीला लागून ३ घनमीटरचा छोटा हौद बांधला. व्हॉल्व्हपासून हौदापर्यंत ९० मिलिमीटरचा, चार मीटर लांबीचा नळ टाकला आणि त्याचे तोंड हौदाच्या काठापेक्षा वीतभर वर मोकळे ठेवले. पाणी हौदात उघडे पडत असल्यामुळे गटारातील पाणी उलटे फिल्टरकडे येण्याची शक्यता संपली, आणि बाहेर पडणारे पाणी डोळ्यांनी पाहता येऊ लागले. हौदातून ते पुढे गटारात सावकाश सोडले जाते.

जुनी वाळू काढताना लोखंडी फावडे टाळून प्लास्टिकचे मग आणि ओले खेचणारा व्हॅक्यूम वापरला, कारण तळाशी नाजूक लॅटरल असतात. चिरा पाडलेल्या या आठ प्लास्टिकच्या नळ्या मधल्या नळाला चक्राच्या आऱ्यांसारख्या जोडलेल्या होत्या. त्यांतील एक मुळाशी तडकलेली निघाली. तलावात पाणी परतण्याच्या एका तोंडाखाली अधूनमधून चिमूटभर वाळू साचते, असे कर्मचारी सांगत असत, त्याचा उलगडा येथे झाला. मागच्या वेळी पोती कोरड्या टाकीत उंचावरून रिकामी केली होती. त्याच आघाताने नळी तडकली असावी, असे मला वाटते. या वेळी आठही नळ्या बदलल्या, टाकी निम्मी पाण्याने भरली, आधी गोल खडी हाताने अंथरली आणि मग वाळू पाण्यात सावकाश सोडली, म्हणजे पडणाऱ्या मालाचा भार पाण्याने झेलला. वाळू फिल्टरसाठीच चाळलेली, ०.४ ते ०.८ मिलिमीटरच्या दाण्यांची घेतली. बांधकामाच्या वाळूत माती आणि लहान-मोठे कण मिसळलेले असतात, ती येथे चालत नाही. वजन टाकीवरील पाटीप्रमाणेच ठेवले, कारण वर मोकळी जागा उरली नाही तर थर फुगताना वाळू वाहून जाते. कोरड्या वाळूची धूळ फुप्फुसांना घातक असल्यामुळे पोती फोडताना सर्वांनी मुखपट्ट्या लावल्या आणि वाळू ओलसर करूनच हाताळली.

नव्या वाळूतील बारीक भुकटी तलावात जाऊ नये म्हणून पहिली सुरुवात गाळणीने न करता बॅकवॉशने केली, आणि नंतर एक मिनिट रिन्स घेतला, म्हणजे गाळलेले पाणी तलावात न सोडता बाहेर टाकले.

परिणाम आणि उरलेली उणीव

पुन्हा पेन्सिलीची रेघ ओढली. चार मिनिटांत पातळी १.९ सेंटिमीटर उतरली, म्हणजे ताशी सुमारे २९ घनमीटर आणि वेग ताशी ४५ मीटर. स्वच्छ स्थितीतील दाब ०.५ बार नोंदवला गेला. नवव्या दिवशी तो १.० बारला पोहोचला, तेव्हा वर्षभर न हललेला काटा चढलेला पाहून कर्मचारी घाबरले होते. मला मात्र त्या चढाचाच आनंद झाला. त्या दिवशीच्या बॅकवॉशला हौदात पहिली काही सेकंदे स्वच्छ पाणी पडले, मग अचानक शेणकाल्यासारखा गडद लोंढा आला, तो दोन मिनिटे टिकला आणि चौथ्या मिनिटाला पाणी निवळले.

रोजचा बॅकवॉश बंद झाला. पूर्वी त्यात दिवसाला सुमारे ३.४ घनमीटर प्रक्रिया केलेले पाणी वाया जात होते, आता आठ-नऊ दिवसांतून दोन घनमीटरच्या आसपास जाते. विनाकारण धुणे केवळ उधळपट्टीचे नसते. किंचित मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा बारीक गाळते, कारण अडकलेले कण पुढच्या कणांना अडवतात. तीन आठवड्यांनी गढूळपणा ०.३ एनटीयू आणि संयुक्त क्लोरीन ०.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर झाले. वासाची तक्रार थांबली.

साडेसात तासांची फेरी मात्र तशीच आहे. गाळलेले पाणी तलावातील पाण्यात मिसळत राहते, त्यामुळे एका फेरीत सगळे पाणी गाळले जात नाही. साधारण ६३ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेले असते, दोन फेऱ्यांत ८६ आणि तीन फेऱ्यांत ९५ टक्के. म्हणून पंप रात्रभर चालू ठेवणे आणि वर्गातील मुलांची संख्या मर्यादित करणे आवश्यक आहे. मी दुसऱ्या फिल्टरची शिफारस केली होती, ती समितीने पुढे ढकलली आहे आणि तो निर्णय मला पटलेला नाही. लहान मुलांच्या तलावात शौचाचा प्रसंग घडू शकतो. जुलाब घडवणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या बीजपेशी केवळ ४ ते ६ मायक्रॉनच्या असतात, तर नुसती वाळू २० मायक्रॉनच्या वरचेच कण भरवशाने अडवते. नेहमीच्या क्लोरीनलाही त्या दाद देत नाहीत. अशा वेळी कण एकत्र आणणारे द्रावण अल्प मात्रेत सतत सोडून दीर्घकाळ गाळण करावे लागते, आणि धीम्या यंत्रणेत तलाव त्यासाठी जवळजवळ दोन दिवस बंद ठेवावा लागेल. ही बाब अहवालात स्पष्टपणे नोंदवली आहे.

सहा महिन्यांनी टाकी पुन्हा उघडली. काठापासून वाळूपर्यंतचे अंतर तीन ठिकाणी मोजले, फरक एक सेंटिमीटरच्या आत होता, आणि हात घातल्यावर वाळू बोटांमधून सुटी निसटली. फरशीवरील पेन्सिलीची रेघ कर्मचाऱ्यांनी रंगाने पक्की केली आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या बॅकवॉशला ते पातळी आणि वेळ नोंदवहीत लिहितात. एका महिन्यात चार मिनिटांची नोंद १.९ ऐवजी १.६ सेंटिमीटर आली. मला फोन करण्याआधीच त्यांनी पंपापुढच्या जाळीची टोपली उघडून पाहिली होती. तिच्यात केसांचा आणि पानांचा गुंता बसलेला होता. तो काढल्यावर त्याच दिवशी पुन्हा मोजलेली नोंद त्यांनी खाली लिहिली आहे: १.९.